बुशची दुसरी बाजू

नवतप्याचा तिसरा दिवस. आठव्या मैलावर
पत्र्याच्या शेडखाली पाना हातात धरवत नाही.
प्रज्वलच्या खिशात कांदा, माझ्या डोक्याला ओला दुपट्टा,
आणि मधोमध डोझर,
उमरेडच्या खाणीतून लिलावात निघालेला,
पिवळा रंग फक्त सीटच्या मागे उरलेला.

जायस्वाल शेठ म्हणाले, चेन पलटवून दे, स्वस्तात होईल.
पलटवणं म्हणजे काय, ते प्रज्वलला सांगितलं:
पिना काढायच्या, बुश अर्धा फेरा फिरवून
प्रेसखाली पुन्हा बसवायचे.
झिजलेली बाजू आराम करते,
कोरी बाजू कामाला लागते.
"माणसाचंबी असं पाह्यजे होतं, उस्ताद."
मी म्हटलं, ग्रीस उडेल, बाजूला उभा राहा.

निपल एकच फेरा ढिलं करायचं,
तोंड समोर न्यायचं नाही.
काळं ग्रीस अळीसारखं वळवळत बाहेर आलं
आणि इतकी वर्षं ताणून धरलेली चेन
वरच्या रोलरवर पोट सोडून बसली.

मग मास्टर पिन. बारा पौंडी घण.
पन्नास घावांना ती हललीसुद्धा नाही.
गॅसनं लाल केली, पुन्हा घण.
निघाली तेव्हा
पलीकडच्या ढाब्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं.

चेन मातीत लांब अंथरली. टेप लावला.
चार कड्यांत बोटभर वाढ.
स्प्रॉकेटला दात नाहीत, सुळे उरलेत.
रोलर दोन कोरडे, एक फुटका.
आयडलरवर वेल्डिंग चढेल, तेवढाच एक वाचला.

बुश शेवटी पाहिले.
पुढची बाजू खाल्लेली, ते ठीक.
बोट फिरवलं. मागचीही तेवढीच.
शेजारचा पाहिला, त्याच्या शेजारचा,
उकिडवा बसून सरकत सरकत पार टोकापर्यंत गेलो.
पलटवायला दुसरी बाजू शिल्लकच नव्हती.

डोझर मागे येतोच, पुन्हा ढकलायला.
पण एवढा?
लांब जायचं तर माणूस वळवतो,
समोर तोंड करून जातो.

दुपारी जंगलू मडावी आला, शेठनं नवा ड्रायव्हर म्हणून धाडलेला.
नवा कसला. खाणीत हाच डोझर, हाच माणूस.
चपला बाहेर काढून आत आला,
अंथरलेली चेन ओलांडली नाही, वळसा घातला.
मी बुश दाखवला. तो बराच वेळ बोलला नाही.

"डंपच्या काठावर वळलं का काठ ढासळते.
इस्तारी वळला होता. नव्वद फूट खाली.
तवापासून म्या काठाले पाठ नाही दाखोली.
डिझेलले जाचं असो का जेवाले,
काठाकडं पाह्यत पाह्यत, मांगंच."

किती वर्षं, मी विचारलं.
त्यानं चेनच्या कड्यांवर बोट ठेवत मोजायला घेतलं,
अध्यावर सोडून दिलं.

शेठला फोन केला. दोन्हीकडचे मिळून शहात्तर, नवेच लागतील.
तिकडे कूलरचा आवाज.
मग, "काऊन बे, एका बाजूचे तरी चालव ना!"
नाही चालत, शेठ.

नऊ दिवस गेले. हिंगण्याहून प्रेस होऊन चेन आली,
पिना अजून निळसर, हाताला नव्या लोखंडाचा वास.
जुने बुश गोणीत भरताना
प्रज्वलनं मोजले: पंच्याहत्तर.
जंगलूच्या डब्याची पिशवी एका बाजूला कललेली.
मी म्हटलं, भर तेवढेच. पुन्हा मोजू नको.

इंजिन धरलं. पत्रे थरथरले.
शेड दोन्हीकडून उघडं, समोर सपाट माती
थेट अमरावती रोडपर्यंत,
काठ कुठेच नाही.
जंगलूनं समोर पाहून घेतलं, नीट, डावीकडून उजवीकडे.
गिअर टाकला.
"उस्ताद, पुढं जागा आहे ना?" प्रज्वल ओरडला.
आहे की.

नव्या बुशची दुसरी बाजू
पहिल्याच दिवशी कामाला लागली.